एफवायच्या (पदवीच्या पहिल्या वर्षाच्या) मिश्र वर्गात शिकवायचं कसं: नव्याने लागलेल्या सीएचबी मंडळींसाठी

जुलै उजाडला की मला फोन यायला लागतात. कुणीतरी नेट-सेट झालेला, सीएचबीवर, म्हणजे तासाच्या मानधनावर, नुकताच लागलेला पोरगा किंवा पोरगी असते आणि प्रश्न ठरलेला, मॅडम एफवायला १२० मुलं आहेत, निम्मी मराठी मीडियमची, काही सेमी-इंग्रजीवाली, पाच-सहा उर्दूतून आलीत, पाड्यावरची मुलं तोंडच उघडत नाहीत, शिकवू कुणाच्या लेव्हलने? दरवेळी अर्धा-पाऊण तास तेच तेच बोलते, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकू. मी अर्थशास्त्र शिकवते, खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याशी एका तालुक्याच्या गावात. एकोणीस वर्षं झाली, त्यातली पहिली सात तुमच्यासारखीच तासावर. त्यामुळे उदाहरणं सगळी इथली आणि माझ्या विषयातली येतील, तुमची तुम्ही घाला.

आधी एक सांगते. आपल्याकडे विविधता हा शब्द वर्गात कमी आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थेच्या, फायलीत जास्त सापडतो. तिथे विद्यार्थ्यांच्या विविधतेचा वेगळा मुद्दा असतो, आणि आपण तिथे करतो काय तर जुलैत एक टेस्ट घेतो आणि 'स्लो लर्नर', 'ॲडव्हान्स लर्नर' अशा दोन याद्या करून फाईलला लावतो. एका वर्षी माझ्या स्लो यादीत सगळ्यात वर जो मुलगा होता तो दर आठवड्याला बाजारात बापाबरोबर बकऱ्या विकायचा, नफा-तोटा, दलाली, गाडीभाडं सगळं तोंडी, मला कॅल्क्युलेटर लागला असता. टेस्ट इंग्रजीत होती, दुसरं काही नाही. तेव्हापासून ती यादी मी फाईलपुरती करते आणि वर्गासाठी वेगळी सोय ठेवते. ती सोय म्हणजे कार्ड.

१. पहिल्याच तासाला कार्ड भरून घ्या

पोस्टकार्डाएवढा जाड कागद, प्रत्येकाला एक. गूगल फॉर्म नको. घरात एकच फोन असतो, तो बापाकडे असतो, मग मुलं मित्राच्या फोनवरून भरतात आणि मित्राच्या डोळ्यासमोर खरं कोण लिहील. कार्डावर पाच प्रश्न, फळ्यावर लिहायचे:

तुला काय नावाने हाक मारू?
बारावीपर्यंत कोणत्या माध्यमात शिकलास आणि घरी काय बोलता?
कॉलेजला कसा येतोस, परतीची शेवटची गाडी किती वाजता?
कॉलेज सोडून दुसरं काही काम करतोस का, किती वाजता?
फळा दिसणं, ऐकू येणं, लिहिणं, जिना चढणं यात काही अडचण आहे का, आणि मला एकटीलाच सांगावंसं वाटतं असं काही?

जात विचारायची नाही, धर्म नाही, उत्पन्न नाही, वडील काय करतात हेही नाही. जात ऑफिसला माहिती आहे, तुम्हाला शिकवायला तिची गरज नाही. आणि वडिलांचं म्हणाल तर दर वर्षी वर्गात दोन-तीन मुलं अशी असतात ज्यांना तो प्रश्न वाचूनच पेन खाली ठेवावं लागतं.

कार्डं गोळा करून घरी न्या, स्टाफरूमच्या टेबलावर पडू देऊ नका. पहिल्या रविवारी दोन तास बसून वाचा आणि फक्त आकडे काढा. माझ्या मागच्या एका वर्गाचं सांगते: ११४ कार्डं, घरी अहिराणी ५२, मराठी २६, पावरी आणि भिलोरी मिळून २१, उर्दू-हिंदी ९, बाकी गुजर, लेवा बोली वगैरे. सकाळी सहाला उठून काम करून येणारे ३७. एवढं समजलं की निम्मं शिकवणं तिथेच ठरतं. नाहीतर आपण डोक्यात एक मुलगा धरतो, पहिल्या बाकावरचा, सेमीवाला, गावातलाच, आणि वर्षभर त्यालाच शिकवत बसतो.

एनईपीमुळे, म्हणजे नव्या शैक्षणिक धोरणामुळे, यात अजून भर पडली आहे. २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजात नवीन आराखडा आला आणि ओपन इलेक्टिव्हला दुसऱ्या शाखेची मुलं येऊन बसायला लागली. सायन्सच्या मुलाला आलेख कळतो पण तीन पानं उत्तर लिहायचं म्हटलं की घाम फुटतो, आर्टसच्या मुलीचं बरोबर उलटं. कार्डावर शाखा पण लिहून घ्या म्हणजे पुढे गट पाडताना कामाला येतं.

२. हजेरी आणि सूचना, इथे आपण सगळ्यात जास्त चुकतो

नाव नीट घ्या. 'पावरा' या आदिवासी आडनावाला 'पवार' म्हणू नका, वसावे आणि वळवी यात गोंधळ करू नका. तुम्हाला क्षुल्लक वाटेल, पण कागदावर पावराचं पवार झालं की त्या पोराला जातपडताळणीला किती चकरा माराव्या लागतात ते एकदा त्याच्याकडूनच ऐका. कार्डावर त्याने जसं लिहिलंय तसंच हजेरीपटात आहे का बघा, नसेल तर ऑफिसमध्ये स्वतः जाऊन सांगा. क्लार्क तुमचं ऐकतो, त्याचं नाही ऐकत.

आता माझीच चूक सांगते. तिसऱ्या-चौथ्या वर्षीची गोष्ट, स्कॉलरशिपचे फॉर्म सुरू झाले, ऑफिसमधून यादी आली आणि मी भर वर्गात म्हटलं, एससी-एसटीची मुलं उभी राहा आणि तास संपला की थांबा. सगळेच असं करायचे म्हणून मीही केलं. वीसेक मुलं उभी राहिली. एक मुलगी राहिली नाही. मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत बसली. जानेवारीत समजलं की तिने फॉर्मच भरला नाही, वर्षाची स्कॉलरशिप गेली, आणि का तर तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणींना तोपर्यंत तिची जात माहीत नव्हती आणि तिला ती तशी, उभं राहून, सांगायची नव्हती. तिने मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

त्यामुळे आता मी काय करते: महाडीबीटी म्हणजे स्कॉलरशिपचं सरकारी पोर्टल, त्याची सूचना सगळ्या वर्गाला एकाच शब्दांत. 'महाडीबीटीचे फॉर्म सुरू झालेत, कागदपत्रं ही ही लागतात, शेवटची तारीख ही, प्रत्येकाने आपल्याला कोणती योजना लागू आहे ते बघा.' मग फळ्यावर सगळ्या योजना लिहायच्या, ईबीसीपासून स्वाधारपर्यंत, मुलींच्या फी माफीसकट. त्या फी माफीचा जीआर जुलै २०२४ चा आहे, तो व्यावसायिक कोर्सच्या मुलींसाठी आहे आणि आठ लाखांची उत्पन्नमर्यादा आहे, हेही सांगायचं म्हणजे बीएच्या मुली उगाच आशेवर राहत नाहीत. कुणाचा फॉर्म राहिलाय ते रोल नंबरवरून चिठ्ठीने कळवायचं, तीही घडी घालून. ऑफिसवाले कुरकुर करतात, करू देत.

३. भाषा

इथे थोडं जास्त लिहिते कारण खरा घोळ इथेच आहे. आपल्याला वाटतं प्रश्न मराठी की इंग्रजी एवढाच आहे. तो तसा नाहीये. अहिराणी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठी पण परकीच असते. 'घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत' हे मराठीच आहे ना, मग एकदा वर्गात विचारून बघा सीमांत म्हणजे काय. अर्ध्या मुलांना तो बॉर्डर वाटतो, शेवटचा जादा नग नाही.

मी करते ते असं. एका तासाला पाचच नवीन शब्द, सहावा नाही. फळ्याच्या उजव्या बाजूला तीन रकाने आखायचे आणि तास संपेपर्यंत पुसायचे नाहीत. पहिल्यात पुस्तकातला मराठी शब्द, दुसऱ्यात इंग्रजी शब्द, तिसरा रिकामा. तिसरा मुलं भरतात, घरच्या भाषेत, घरच्या उदाहरणाने. सुरुवातीला कुणी बोलणार नाही, दोन आठवडे तो रकाना रिकामाच राहील, राहू द्या.

तो कसा भरला गेला ते सांगते. मागणी आणि पुरवठा चालू होतं. मी इच्छा आणि मागणी यातला फरक तिसऱ्यांदा सांगत होते आणि तिसऱ्यांदा कुणालाच कळत नव्हता. शेवटून दुसऱ्या बाकावर एक उर्दू मीडियमचा मुलगा होता, त्याला म्हटलं तुमच्या पुस्तकात काय म्हणायचे रे? तो म्हणाला तलब आणि रसद. वर्ग हसला, कारण तलब म्हटलं की आपल्याला तलफ ऐकू येतं. मी म्हटलं बरोबर, चहाची तलफ आली, पण खिशात दहा रुपये नाहीत, मग टपरीवाल्याच्या दृष्टीने ती मागणी आहे का? मागून आवाज आला, नही मॅडम, ती नुसती तलफ. संपलं. इच्छा, तिच्या पाठीशी पैसा आणि तो खर्च करायची तयारी, तिन्ही गोष्टी त्या वर्गाला मार्चपर्यंत लक्षात होत्या. रसद तर सगळ्यांना गडकिल्ल्यांच्या गोष्टींमुळे माहीतच होती. आणि तो मुलगा त्या दिवसापासून दोन बाक पुढे आला, मी सांगितलं नव्हतं.

पण याला जोडूनच एक नियम कडक ठेवा: कुणाच्या बोलीवर हसायचं नाही. एक मुलगा उठून म्हणाला 'मॅडम, माले समजनं नही' आणि पुढच्या बाकांवर खिदळणं सुरू झालं. मी रागावले नाही, नुसता तोच प्रश्न अहिराणीत त्या हसणाऱ्यांना विचारला. माझी अहिराणी सासरची, तोडकीमोडकी. तरी पुरली. मुद्दा एवढाच की मास्तरने ती भाषा तोंडात घेतली की तिचं हसू होत नाही.

नोट्स डिक्टेट करत बसू नका. डिक्टेशनमध्ये ज्याला मराठी शुद्धलेखन येतं तोच टिकतो, बाकीचे निम्मी वाक्यं सोडून देतात आणि मग झेरॉक्सच्या दुकानातून गाईडची पानं आणतात. त्यापेक्षा दोन पानांचं टाचण आदल्या दिवशी झेरॉक्सवाल्याकडे ठेवा, मुलं वाचून येतील असं नाही, पण ज्यांना हळू वाचावं लागतं त्यांना एक रात्र मिळते.

आणि पेपर कोणत्या भाषेत लिहायचा ते पहिल्या आठवड्यात स्पष्ट सांगा. एप्रिल २०२३ मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) विद्यापीठांना कळवलं होतं की कोर्स इंग्रजी माध्यमाचा असला तरी मुलांना स्थानिक भाषेत पेपर लिहू द्या. तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक काय म्हणतं ते परीक्षा विभागात विचारून घ्या, मुलांवर सोडू नका, ती सेमिस्टरच्या शेवटपर्यंत घाबरून राहतात.

४. सिलॅबस तोच, पण त्यात माणसं कुणाची

सिलॅबस बदलणं आपल्या हातात नाही, ते बीओएस, म्हणजे विद्यापीठाचं अभ्यासमंडळ, करतं. पण युनिटच्या आत उदाहरण कुठलं घ्यायचं ते शंभर टक्के आपल्या हातात आहे आणि तिथे कुणी विचारायला येत नाही.

लवचिकता (किंमत बदलली की मागणी किती बदलते ते) शिकवताना पुस्तकात चहा-कॉफी असते. आमच्याकडे कॉफी पितो कोण? मी एसटी आणि काळी-पिवळी, म्हणजे खाजगी प्रवासी जीप, घेते. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, मग काळी-पिवळीचं काय झालं ते सांगा, असं विचारलं की पाड्यावरची मुलगीसुद्धा बोलते, कारण तिची आई बाजाराला कशाने जायची आणि आता कशाने जाते हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. एका मुलाचा काका काळी-पिवळी चालवायचा, त्याने दुसरी बाजू मांडली, आणि पर्यायी वस्तू, छेदक लवचिकता, अनुदान असे तीन मुद्दे एका तासात भांडता भांडता झाले.

शेतीचे तुकडे हा मुद्दा आला की मी बाबासाहेबांचा १९१८ चा निबंध काढते, भारतातल्या लहान शेतजमिनी आणि त्यावरचे उपाय हा. त्यात ते म्हणतात की दुखणं नुसतं तुकड्याच्या आकारात नाही, शेतीवर अवलंबून असलेल्या माणसांच्या संख्येत आहे, आणि उपाय म्हणून बोट दाखवतात उद्योगीकरणाकडे. हा अर्थशास्त्राचाच धडा आहे. तो अर्थशास्त्राचा धडा म्हणूनच शिकवा, १४ एप्रिलच्या भाषणासारखा नको. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा, आंबेडकरांचं नाव घेताना ठराविक मुलांकडे बघू नका. आपल्याला कळतही नाही आपण बघतो ते, मुलांना मात्र कळतं.

सामायिक साधनांचा मुद्दा असेल तर धुळे जिल्ह्याइतकं सोन्यासारखं उदाहरण दुसरीकडे मिळणार नाही. पुस्तकात गॅरेट हार्डिनचा १९६८ चा युक्तिवाद असतो, कुरण सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही आणि शेवटी ते उजाड होतं. मग एलिनॉर ऑस्ट्रॉम, २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारी पहिली बाई, तिने दाखवलं की लोक आपले नियम आपण करून सामायिक गोष्ट टिकवतात सुद्धा. इथवर नोट्स. आता वर्गाला विचारा, पांझराकाठचा कुणी आहे का? फड पद्धत तिथली, काही शतकं जुनी. नदीवर बंधारा, पाटाने पाणी, जमिनीचे फड पाडलेले, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि नियम गावाचे. एका वर्षी एक मुलगा निघाला ज्याचे आजोबा पाटकरी होते. पुढची वीस मिनिटं त्यानेच घेतली, मी खुर्चीत. त्याला जोडून साक्री तालुक्यातलं बारीपाडा घ्या, गावाने जंगल राखलं, चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. सातपुड्यातली मुलं जंगल म्हटल्यावर नेहमी 'मागास भाग' या धड्यात येतात, इथे ती नोबेलच्या धड्यात येतात, फरक पडतो.

फक्त इथे एक खड्डा आहे, मी स्वतः त्यात पडलेय. उत्साहाच्या भरात मी एका पावरा मुलीला उभं केलं आणि म्हटलं, तुमच्यात कसं असतं ते सांग सगळ्यांना. ती तीन वाक्यं बोलली आणि नंतर आठवडाभर आली नाही. कुणाला त्याच्या समाजाचा प्रवक्ता करायचं नाही. प्रश्न सगळ्या वर्गाला टाका, 'तुमच्या गावात पाणी कसं वाटतात?', ज्याला बोलायचं तो बोलेल. पांझराकाठच्या मुलाने हात स्वतः वर केला होता, या मुलीने केला नव्हता, एवढाच तो फरक आणि केवढा मोठा.

५. प्रश्न विचारून थांबा

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईने १९७० च्या आसपास वर्गांची रेकॉर्डिंग ऐकून सांगितलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून साधारण एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात आणि जास्त मुलं बोलतात. आमच्या वर्गाला तीन पण कमी पडतात कारण मुलगा मनात आधी भाषांतर करत असतो. मी मनात दहा आकडे मोजते. पहिल्यांदा जीव खाली-वर होतो, करून बघा.

दुसरं, आधी लिहा मग बोला. प्रश्न टाकला की दोन मिनिटं वहीत एक ओळ, मग शेजाऱ्याला सांगा, कोणत्याही भाषेत, मग वर्गात. शेजाऱ्याला पावरीत सांगितलेलं वर्गात मराठीत सांगणं सोपं जातं, कारण तेव्हा एकदा बोलून झालेलं असतं.

६. गट

'आपापले गट करा' असं कधीही म्हणू नका. म्हटलं की पाच मिनिटांत होस्टेलचे होस्टेलबरोबर, गावातले गावातल्यांबरोबर, मुली मुलींबरोबर आणि चार जण भिंतीला टेकून उभे. ते चार कोण असतात ते सांगायला नको. कार्डं हातात घ्या आणि घरी बसून चार-चार जणांचे गट तुम्ही पाडा, माध्यम, शाखा, गाव मिसळून. फक्त एका गटात एकच पावरा किंवा एकच मुलगी असं ठेवू नका, एकटं माणूस गप्प होतं, दोघं असले की बोलतात.

काम कसं द्यायचं याची एक जुनी युक्ती आहे, एलियट ॲरॉन्सनने १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत काढलेली. तिथे गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन मुलांच्या वेगवेगळ्या शाळा मोडून त्यांना नुकतंच एकत्र बसवलं होतं आणि भांडणं चालू होती. त्याने धडा तुकड्यांत वाटला, एकाकडे एकच तुकडा, म्हणजे दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होणारच नाही. मी हे रोजगार हमीवर करते. चार चिठ्ठ्या: एकीवर १९७२ चा दुष्काळ आणि योजनेची कल्पना मांडणारे वि. स. पागे, दुसरीवर राज्याचा १९७७ चा कायदा, तिसरीवर पैसा कुठून आला म्हणजे व्यवसाय कर वगैरे, चौथीवर २००५ चा केंद्राचा कायदा. आपली चिठ्ठी दहा मिनिटं वाचा. मग सगळे 'एक नंबर' चिठ्ठीवाले एकत्र येऊन एकमेकांना विचारतात. १२० मुलांत हे हलणं जमत नाही, बाक जमिनीला ठोकलेले असतात, म्हणून मी ते आदल्या दिवशी व्हरांड्यात करून घेते. मग आपल्या गटात परत येऊन प्रत्येकाने आपला तुकडा शिकवायचा, पुढच्या बाकावरचे दोघं मागे तोंड करून बसले की झाला गट. शेवटी पाच मार्कांचा प्रश्न, कुणाच्याही तुकड्यावर.

यात लिहायचं काम कुणाकडे जातं ते बघत राहा. दर वेळी मुलीकडे, 'तिचं अक्षर छान आहे' म्हणून, आणि मांडायला मुलगा उठतो. मी चिठ्ठीच्या मागे काम लिहून देते: तू लिहिणार, तू बोलणार, तू वेळ बघणार, तू शंका विचारणार. पुढच्या वेळी फिरवते.

७. गैरहजेरी

पंचाहत्तर टक्क्यांचा नियम आहे तो आहे. पण गैरहजेरीचं पण वेळापत्रक असतं, ते जून महिन्यातच कॅलेंडरवर मांडा. कापूस वेचणी ऑक्टोबर-नोव्हेंबर. दिवाळीनंतर घरची माणसं ऊसतोडीला किंवा गुजरातेत जातात आणि लहान भावंडं, गुरं कॉलेजातल्या पोरीवर येतात. होळीच्या आधीचा आठवडा भोंगऱ्या बाजाराचा, त्या आठवड्यात सातपुड्यातला एक मुलगा वर्गात सापडणार नाही, आणि सापडू पण नये. रमजानची तारीख दर वर्षी सरकते, ती बघून घ्या. या दिवसांत अंतर्गत परीक्षा ठेवू नका, आणि ठेवावीच लागली तर दुसरी तारीख त्याच नोटीसमध्ये छापा, कुणाला येऊन कारण सांगत उभं राहावं लागू नये. जादा तास पण शेवटच्या गाडीनंतर ठेवू नका. विद्यार्थी पासवर एसटीत साडेसहासष्ट टक्क्यांच्या वर सवलत मिळते, पण गाडीच गेली की पास घेऊन काय करणार, काळी-पिवळीला रोख पैसे लागतात.

८. कार्डावरच्या पाचव्या प्रश्नाचं उत्तर ज्यांनी लिहिलंय त्यांच्यासाठी

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यातले बरेचसे डोळ्यांना दिसत नाहीत, लिहिण्या-वाचण्याची अडचणसुद्धा त्यात येते. लेखनिक हवा असेल तर अर्ज आधी करावा लागतो, जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. हे मुलाला माहीत नसतं आणि बऱ्याचदा ऑफिसलाही नसतं, परीक्षेच्या दिवशी पळापळ होते. सप्टेंबरमध्येच अर्ज भरून घ्या. बाकी वर्गात करायच्या गोष्टी साध्या आहेत: फळ्याकडे तोंड करून बोलू नका, लिहाल ते मोठ्याने वाचा, आलेख काढताना नुसतं 'हे इथून इथे गेलं' म्हणू नका, 'किंमत दहावरून वीस झाली तशी मागणी शंभरवरून साठ झाली' असं म्हणा. कमी दिसणाऱ्या एका मुलासाठी मी हे सुरू केलं आणि शेवटच्या बाकावरच्या सगळ्यांनाच आलेख कळायला लागले.

९. परीक्षा

'स्पष्ट करा', 'चर्चा करा', 'टीकात्मक परीक्षण करा' यातला फरक कुणी शिकवतच नाही. क्लासला गेलेल्या मुलांना तो माहीत असतो, बाकीची एकच उत्तर सगळ्याला लिहितात. एक तास फक्त यावर घ्या. मागच्या वर्षीची दोन उत्तरं, नावं झाकून, एक आठ मार्कांचं एक तीन मार्कांचं, वाचून दाखवा आणि मार्क का कापले ते मुलांनाच शोधू द्या.

तपासताना रोल नंबरची बाजू घडी घालून तपासा. अंतर्गत परीक्षेत शुद्धलेखनाला मार्क कापणार की नाही ते आधी ठरवा आणि सांगा. मी कापत नाही. 'नही' लिहिलं काय नि 'नाही' लिहिलं काय, लवचिकतेचं सूत्र बरोबर असलं की बस. भाषेच्या विषयाचे सहकारी यावर माझ्याशी भांडतात आणि त्यांच्या विषयापुरतं त्यांचं बरोबर आहे.

१०. आणि कुणी काही बोललं तर

बोलतंच कुणीतरी. 'तुम्हाला काय, स्कॉलरशिप मिळते.' त्या क्षणी ऐकू न आल्यासारखं करू नका, सगळा वर्ग तुमच्याकडे बघत असतो. पण ज्याला बोलले त्याला मध्ये ठेवून आरक्षणावर वादविवाद स्पर्धा पण घेऊ नका. मी एवढंच म्हणते, या वर्गात असं बोलायचं नाही, तास संपल्यावर तू मला भेट. आणि पुढच्या तासाला तो मुद्दा विषय म्हणून आणते: २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात ५० टक्के जागा का राखल्या, त्यांनी वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहं का काढली, १९१९ ला कर्मवीरांनी रयत काढली तेव्हा खेड्यातल्या मुलाला शिकायला नक्की काय आडवं येत होतं. बहुजन घरातल्या, होस्टेलवर राहणाऱ्या मुलाला तिथे कळतं की आपण पण त्याच यादीत आहोत. जातीवरून शिवीगाळ झाली असेल तर मात्र ती वर्गातली बाब राहत नाही, त्याच दिवशी लेखी प्राचार्यांकडे द्या, प्रत स्वतःकडे ठेवा, 'मिटवून टाका मॅडम' म्हणणारे भेटतील, सीएचबीवर असाल तर जास्तच भेटतील.

जानेवारीत कार्डं परत वाटा, मागची बाजू कोरी असते. एकच प्रश्न: या वर्षी कोणत्या तासाला तुला काहीच कळलं नाही? नाव लिहायची सक्ती नाही. वाचायला धीर लागतो. 'सगळ्याच' असंही एक कार्ड दर वर्षी निघतं.

कार्डाला खर्च फार नाही, प्रिंटिंग प्रेसवाल्याकडे लग्नपत्रिकांच्या कागदाची कापलेली पट्टी पडून असते, तो फुकट देतो. वर्गात १२० मुलं असली तरी १५० कापून घ्या. ॲडमिशन ऑगस्टपर्यंत चालूच असतात, आणि उशिरा येणारी मुलं बहुतेक लांबूनच आलेली असतात.